आयआर करायचंय? आधी नोकरीच्या जाहिराती वाचा

बारावीचे आणि टीवायचे निकाल लागले की हा प्रश्न हमखास येतो: "आंतरराष्ट्रीय संबंध (आयआर) घेऊ का? स्कोप आहे का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा झेंडा लावलेली राजदूताची गाडी असते, नाहीतर न्यूयॉर्कमधली यूएनची इमारत. दोन्ही खऱ्याच आहेत, पण तिथवर पोचणारे मूठभर. बाकीचे कुठे जातात हे माहिती नसतं, म्हणून हा विषय कुणाला फार ग्लॅमरस वाटतो तर कुणाला अगदीच बिनकामाचा.

अंदाज घ्यायचा तर उलट्या टोकाकडून घ्यावा. 'आयआरचा पदवीधर पाहिजे' अशी जाहिरात भारतात अपवादानंच दिसते. दिसतात त्या अशा: ट्रेड कंप्लायन्स ॲनालिस्ट, संशोधन सहायक, चिनी भाषा येणाऱ्यास प्राधान्य, कॉन्सुलेटच्या आर्थिक विभागात सहायक, दक्षिण आशियासाठी रिस्क ॲनालिस्ट. एमएच्या पहिल्याच सत्रात अशा वीस-पंचवीस जाहिराती जमवा आणि पात्रतेच्या रकान्यात पुन्हा पुन्हा काय येतं ते कागदावर उतरवा. एखाद्या प्रदेशाची पक्की माहिती, एखादी भाषा किंवा आकडेवारी हाताळण्याची सवय, आणि दोन पानांत मुद्द्याचं लिहिता येणं, एवढंच फिरून फिरून दिसेल. एमए ही नुसती आत शिरण्याची अट असते. दोन वर्षांत काय कमवायचं ते या यादीवरून ठरवावं, अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेवरून नाही.

आता कुठे शिकायचं. विषय म्हणून आयआरचं वय शंभरीच्या जरा पुढे. पहिलं अध्यासन, म्हणजे स्वतंत्र प्राध्यापकपद, १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला सुरू झालं. आपल्याकडे दिल्लीच्या सप्रू हाऊसमधल्या इंडियन काउन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स या संस्थेच्या आश्रयानं १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघालं, आणि १९७० मध्ये ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, विलीन झालं. आजही या विषयाचं नाव काढलं की आधी जेएनयूच आठवतं. एक कारण तिथले प्रादेशिक अभ्यासाचे विभाग, दुसरं म्हणजे काही शे रुपयांची शिकवणी फी. एमएचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो: ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीचा १ वजा. फॉर्म हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास असते, म्हणजे टीवायचं शेवटचं सत्र चालू असतानाच. आपल्याकडची मुलं नेमकी इथे चुकतात. निकाल लागल्यावर चौकशी सुरू करतात, तोवर ते वर्ष हातचं गेलेलं असतं. दुसरी अडचण मार्कशीटची. आपल्या विद्यापीठाचा निकाल रेंगाळला तर तात्पुरत्या प्रवेशाची मुदत गाठताना दमछाक होते, म्हणून कॉलेजमधून बोनाफाइड आणि आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका आधीच काढून ठेवाव्यात.

जेएनयू सोडून सार्क देशांनी मिळून दिल्लीत उभी केलेली साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, कोलकात्याचं जादवपूर आहे, पुदुच्चेरी आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेच्या मुलांबरोबर एका वर्गात बसून दक्षिण आशिया शिकायचा तर साउथ एशियन युनिव्हर्सिटीसारखी जागा नाही. भारत हा 'मोठा भाऊ' शेजाऱ्यांना कसा दिसतो ते तिथे जेवणाच्या टेबलावरच कळतं. घराजवळ राहायचं असेल तर पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग, पुण्यातच सिम्बायोसिसचं इंटरनॅशनल स्टडीज आणि गोवा विद्यापीठाचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज. सोनीपतच्या जिंदलसारख्या खासगी विद्यापीठांत परदेशी पाहुणे आणि देवाणघेवाणीचे कार्यक्रम भरपूर, पण फी लाखांत. कर्ज काढून तिथे जायचं असेल तर आधीच्या बॅचची मुलं आज नेमकी कुठे आहेत ते लिंक्डइनवर नावानिशी शोधा. माहितीपत्रकातली 'आमचे विद्यार्थी इथे काम करतात' ही लोगोंची रांग पाहून ठरवू नका. तीन महिन्यांची इंटर्नशिप केलेल्याच्या जिवावरसुद्धा लोगो लागतो.

पदवीसाठी 'बीए आयआर'च हवं, असा हट्ट नको. बीएला अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र आणि एमएला आयआर ही जोडी बाजारात जास्त चालते. एमएच्या वर्गात वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद हे विषयाचे मूळ सिद्धांत नव्यानं शिकवतातच. प्रतीपगमनाचं (रिग्रेशन, म्हणजे आकडेवारीतले संबंध तपासण्याची पद्धत) कोष्टक वाचायला मात्र तिथे सहसा कुणी शिकवत नाही.

भाषेबद्दल थोडं सविस्तर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्यासाठी हिशोब देते: फ्रेंच-स्पॅनिशमध्ये कामापुरतं तयार व्हायला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास, चिनी, जपानी, अरबीला २,२००. आठवड्याला सहा तासांचा सर्टिफिकेट कोर्स केला तर वर्षाला तीनशेच्या आसपास तास होतात. म्हणजे एमएची दोन वर्षं संपता संपता फ्रेंच हाताशी येऊ शकतं; चिनी नाही. चिनी किंवा अरबीच घ्यायची असेल तर ती बीएच्या पहिल्या वर्षापासून घ्यायला हवी. पुण्यातल्या मुलांची यात चांगली सोय आहे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, आणि जपानी शिकण्याची परंपरा या शहरात जुनी आहे. जपानीचं म्हणाल तर जेएलपीटी या भाषा-परीक्षेच्या एन-५ किंवा एन-४ या खालच्या पातळ्यांवर कुणी पगार देत नाही, विचारणा सुरू होते ती एन-३ पासून. अर्धवट शिकलेल्या तीन भाषांपेक्षा परीक्षेच्या प्रमाणपत्रासह एक भाषा कधीही भारी.

वर्गात काय चालतं ते बाहेरून कळत नाही, म्हणून सांगतो. दर आठवड्याला प्रत्येक पेपरला दोन-तीन शोधनिबंध वाचायचे असतात. चार पेपर धरले तर दीडशे-दोनशे पानं सहज होतात, आणि तीही दाट इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांचं पहिलं सत्र इथेच जड जातं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रेटत बसू नका. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग प्रस्तावना वाचा. लेखक कुणाचं म्हणणं खोडतोय ते समासात एका ओळीत मराठीत लिहा. मगच मधला भाग. ज्याला ती एक ओळ लिहिता येत नाही त्याने लेख वाचलेला नाही, मग पानं कितीही पिवळी केलेली असोत. सत्राअखेरचा निबंध बहुतेकांचा पडतो तो वेगळ्याच कारणानं. तो वर्तमानपत्रातल्या घडामोडींचा गोषवारा होतो. अमुक तारखेला पंतप्रधान भेटले, तमुक करार झाला... यात प्रश्नच नसतो, मग उत्तर कुठून येणार?

एमएच्या प्रबंधिकेचा (डिझर्टेशनचा) विषय निवडताना हे आणखी उघडं पडतं. 'भारत-चीन संबंध: आव्हाने आणि संधी' असा विषय घेऊन येणारे दर वर्षी असतात. हाच विषय कामाचा कसा करायचा ते पाहा. प्रतिजैविकांचा कच्चा माल आपण मोठ्या प्रमाणावर चीनकडून घेतो. मार्च २०२० मध्ये केंद्रानं औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर केली, जूनमध्ये गलवान घडलं. या दोन्हींनंतर प्रतिजैविकांच्या आयातीत चीनचा वाटा खरंच घटला का? आता हा प्रश्न झाला. व्यापार वर्गीकरणात प्रतिजैविकांचा चार आकडी कोड २९४१. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो टाकला की देशवार, वर्षवार आयात फुकट मिळते. दहा वर्षांचा तक्ता एका दुपारी तयार होतो, आणि सरकारची भाषणं बाजूला ठेवून तपासता येईल असं काहीतरी हातात येतं.

तक्ता झाला की खड्डे सुरू होतात. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, चीनचं जानेवारी ते डिसेंबर. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून 'तफावत' शोधणारे आधी इथेच पडतात. दुसरं, आयात नोंदवताना आपण भाडं आणि विमा धरून किंमत लिहितो, निर्यात करणारा देश ती वगळून लिहितो. शिवाय हाँगकाँगमार्गे आलेला माल कुणाच्या खात्यावर पडला तेही पाहावं लागतं. त्यामुळे चीनची निर्यात आणि आपली आयात कधीच जुळत नाही, आणि त्यात दर वेळी घोटाळाच असतो असंही नाही.

शस्त्रखरेदीच्या आकड्यांची गत तशीच. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा शस्त्र-हस्तांतराचा संग्रह सगळे वापरतात, पण त्यातलं एकक टीआयव्ही म्हणजे डॉलर नव्हे. ते शस्त्रांच्या ज्ञात उत्पादनखर्चावर बेतलेलं, लष्करी क्षमतेच्या तुलनेचं माप आहे. 'भारताने इतक्या दशलक्ष डॉलरची शस्त्रे घेतली' असं त्यावरून लिहिलं की मार्गदर्शक तिथेच पेन ठेवतो. युनोतल्या मतदानाचंही बघा. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरच्या ठरावाला १४१ देशांनी पाठिंबा दिला, ५ विरोधात गेले, भारतासह ३५ तटस्थ राहिले. बेरीज १८१ होते आणि सदस्य देश १९३. उरलेल्या १२ देशांनी मतच नोंदवलं नाही. तटस्थ राहणं ही जाहीर भूमिका असते, गैरहजेरीमागे न भरलेल्या वर्गणीपासून मुद्दाम टाळाटाळीपर्यंत काहीही असू शकतं. दोन्ही एका रकान्यात घातलं की निष्कर्ष बिघडतो.

इतिहासाकडे ओढा असणाऱ्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा विचार जरूर करावा. नियमाप्रमाणे २५ वर्षांवरच्या कायम जतनाच्या फायली तिथे जायला हव्यात, पण परराष्ट्र खात्याच्या सगळ्याच जात नाहीत. म्हणून विषय पक्का करण्याआधी 'अभिलेख पटल' या पोर्टलवर फायलींची यादी शोधा. फाइल आहे म्हणून विषय घ्यावा. विषय घेऊन फाइल शोधत बसलं की सत्र संपतं.

नोकऱ्यांकडे वळू. परराष्ट्र सेवेबद्दल सगळ्यांना थोडंफार ठाऊक असतं, म्हणून गैरसमजांपुरतंच. ती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच मिळते, कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि आयआरच्या पदवीला जादा गुण नाहीत. परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले एमए होते ते इतिहासात. एस. जयशंकर यांची पीएचडी जेएनयूची, आयआरमधली. दोन्ही वाटा तिथे पोचतात. २०२३ च्या परीक्षेतून या सेवेसाठी ३७ जणांची शिफारस झाली, २०२४ च्या परीक्षेतून ५५ जणांची. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा ऑप्शनल घेतला तर एकूण २,०२५ गुणांपैकी ५०० या दोन पेपरांचे. त्यातला खास आंतरराष्ट्रीय भाग फक्त दुसऱ्या पेपरात, २५० गुणांचा. पहिला पेपर राजकीय सिद्धांत आणि भारतीय राजकारणाचा. एमए आयआर करून आलेले पहिल्या पेपराकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच गुण घालवतात. निवड झाल्यावर प्रशिक्षण: आधी मसुरीची अकादमी, मग दिल्लीची परराष्ट्र सेवेची सुषमा स्वराज संस्था, आणि एक परकीय भाषा सक्तीची. गोखल्यांना चिनी येत होती आणि पुढे ते बीजिंगला राजदूत म्हणून गेले. कोल्हापूरकडचे ज्ञानेश्वर मुळे सुरुवातीला टोकियोला गेले आणि जपानी शिकले.

याच खात्यात शिरायचं दुसरं दार फार कमी मराठी मुलांना माहिती असतं: स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल परीक्षा. तिच्यात परराष्ट्र मंत्रालयातल्या असिस्टंट सेक्शन ऑफिसरची पदं असतात. वयोमर्यादा २० ते ३०, वेतनस्तर ७, मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. काम फायलींचं, पण परदेशातल्या दूतावासांत नेमणुका मिळतात आणि बढतीनं माणूस बराच वर जातो. परीक्षेत मात्र आयआरचा एकही प्रश्न गणितासारखा निर्णायक नसतो. बँक परीक्षेची तयारी करणारी मुलंच तिथे पुढे जातात, हे आधीच समजून घ्यावं.

यूएनबद्दल थोडं कोरडं बोलावं लागतं. सचिवालयातली इंटर्नशिप दोन ते सहा महिन्यांची आणि बिनपगारी. विमान, व्हिसा, जिनिव्हातली खोली सगळं आपल्या खिशातून. तरुणांसाठीच्या भरती परीक्षेला ३२ ची वयोमर्यादा असते, आणि ती दर वर्षी ज्या देशांचं प्रतिनिधित्व कमी आहे त्यांच्यापुरतीच असते. आपला देश त्या वर्षीच्या यादीत आहे का ते आधी पाहायचं, तयारी नंतर. त्यापेक्षा यूएन व्हॉलंटियर किंवा युनिसेफसारख्या संस्थांच्या भारतातल्या कार्यालयांत स्थानिक पदावरून सुरुवात करणं जास्त शक्य कोटीतलं. तिथे विचारतात ते पाणी, पोषण, आपत्ती व्यवस्थापन असलं ठोस क्षेत्र. 'मला मुत्सद्देगिरीत रस आहे' यावर तिथे कुणी काही देत नाही.

थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत, जायचं तर दिल्लीत मनोहर पर्रीकर यांचं नाव २०२० मध्ये दिलेली संरक्षण अभ्यास संस्था, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन (ओआरएफ), कार्नेगी इंडिया. मुंबईत गेटवे हाऊस आणि ओआरएफची शाखा. सुरुवातीची पदं बहुतेक कराराची, वर्ष-दोन वर्षांची. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात आणि निवड प्रत्यक्षात त्यावरच होते. तिथे पंचवीस पानी टर्म पेपर जोडू नका. आठशे ते हजार शब्दांचं टिपण हवं: पहिल्या परिच्छेदात काय बदललं, मग त्यानं कुणाला काय फरक पडतो, मग सरकारनं काय करावं आणि त्याची किंमत काय. 'भारताने सतर्क राहिले पाहिजे' हे वाक्य आढळलं की वाचणारा पुढचा अर्ज उचलतो. परराष्ट्र मंत्रालयाची स्वतःची इंटर्नशिपही आहे, महिना १०,००० रुपये मानधनाची. पंचविशीच्या आतल्यांनी ती सोडू नये.

प्राध्यापकीत एक छुपी अडचण आहे. यूजीसी-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत राज्यशास्त्राचा कोड ०२ आणि आंतरराष्ट्रीय संबंध, क्षेत्र अभ्यास यांचा ९०. आपल्याकडच्या कॉलेजांत जागा निघते ती 'राज्यशास्त्र' या नावानं. पदवीवर आणि नेटवर वेगळं नाव असेल तर छाननीत 'संबंधित विषय आहे का' असा प्रश्न उभा राहतो, आणि तो सुटेपर्यंत मुलाखत होऊन जाते. महाराष्ट्र-गोव्यात शिकवायचं मनात असेल तर नेट किंवा सेट राज्यशास्त्रातून काढलेली बरी. नेटमधूनच मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, म्हणजे पीएचडी घरच्यांकडे हात न पसरता होते. जेआरएफशिवाय पीएचडीला बसून पुढे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेणाऱ्यांची ओढाताण सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्या क्षेत्राचं नाव वर्गात क्वचितच निघतं आणि जिथे नोकऱ्या मात्र सतत निघतात, ते म्हणजे आर्थिक निर्बंध (सँक्शन्स) आणि निर्यात-नियंत्रण. मुंबई, पुणे, बेंगळुरूत परदेशी बँकांची मोठमोठी केंद्रं आहेत. तिथे रोज हजारो व्यवहारांतली नावं निर्बंधांच्या याद्यांशी ताडून पाहतात. संगणक फक्त शंका काढतो. 'मोहम्मद'चं स्पेलिंग दहा तऱ्हांनी होतं, म्हणून जन्मतारीख, गाव, पासपोर्ट पाहून हा तोच माणूस का, हे माणसालाच ठरवावं लागतं. मग मालकीचं गणित. अमेरिकेच्या नियमानुसार निर्बंध लागलेल्या व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल तर कंपनीवरही आपोआप निर्बंध लागतात, तिचं नाव यादीत नसलं तरी. एकाचे ३० टक्के, दुसऱ्याचे २५. वेगवेगळे पाहिले तर दोघेही निम्म्याखाली, बेरीज केली तर ५५, आणि पैसे अडकले. नवशिके नेमकी ही बेरीज विसरतात.

निर्यातीची बाजू आपल्या जास्त जवळची आहे. गंज न लागणाऱ्या विशिष्ट मिश्रधातूंचे काही व्हॉल्व्ह आणि पंप, अचूकतेची ठरावीक पातळी ओलांडणारी मशीन टूल्स, काही रसायनं यांचा शस्त्रांसाठीही उपयोग होऊ शकतो, म्हणून ती सरकारच्या स्कोमेट या नियंत्रित मालाच्या यादीत आहेत आणि परदेशी पाठवायला डीजीएफटीचा, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचा, परवाना लागतो. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र-तंत्रज्ञान नियंत्रण गटात, २०१७ मध्ये वासेनारमध्ये आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये, अशा निर्यात-नियंत्रणाच्या तीन आंतरराष्ट्रीय गटांत गेला. वर्गात हा 'भारताचा वाढता दर्जा' म्हणून शिकवतात. पुणे-कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या पंप-व्हॉल्व्हच्या कारखानदाराला मात्र तो एका अर्जाच्या रूपात भेटतो: मालाचा तांत्रिक तपशील, ऑर्डरची प्रत, अंतिम वापरकर्त्याचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. अर्ज आंतर-मंत्रालयीन गटापुढे जातो. अडतो कुठे, तर बहुधा त्या प्रमाणपत्रावर. मधल्या व्यापाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्ष माल वापरणाऱ्याचं नसतं, किंवा 'औद्योगिक वापर' एवढ्यावर भागवलेलं असतं. कुठल्या प्रकल्पात, कशासाठी, हे स्पष्ट लागतं. इंजिनिअरला व्हॉल्व्ह कळतो, पण अमुक देशाला तो पाठवणं का नाजूक आहे ते कळत नाही. आयआरवाल्याचं नेमकं उलट. दोन्ही कळणारा माणूस मिळणं अवघड, म्हणून एमए करताना डीजीएफटीची स्कोमेट यादी आणि कार्यपद्धती बाजूला घेऊन बसलेल्या मुलाला मुलाखतीत फार काही सिद्ध करावं लागत नाही.

युरोपीय महासंघाच्या कार्बन सीमा-कराचंही असंच. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्या आयातदारांना ऑक्टोबर २०२३ पासून उत्सर्जनाचे अहवाल द्यावे लागत होते. १ जानेवारी २०२६ पासून खर्चाचा टप्पा सुरू झाला. आयातदार तीच माहिती इथल्या पुरवठादाराकडे मागतो. ही माहिती गोळा करणारी, नियम वाचून कारखान्याला समजावणारी माणसं लागणार आहेत, आणि हवामान-वाटाघाटींवर प्रबंधिका लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ही दिशा सुचते.

परदेशी एमएचं शेवटी. ब्रिटनमध्ये ते एका वर्षात होतं, पण त्या वर्षात इंटर्नशिपला उसंत मिळत नाही आणि नोकरीचे अर्ज पहिल्याच सत्रात सुरू करावे लागतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते, त्यामुळे टीवायनंतर लगेच तिचा विचार करण्यात अर्थ नाही. लगेच जायचं असेल तर युरोपातल्या इरास्मस मुंडसच्या संयुक्त पदव्या पाहा. शिष्यवृत्ती लागली तर महिना १,४०० युरो मिळतात, दोन-तीन देशांत शिकायला मिळतं आणि अनुभवाची सरसकट अट नसते. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत. दोन शिफारसपत्रं लागतात, आणि तुम्हाला नावानं ओळखणारे प्राध्यापक दोनच असतील तर त्यांना दिवाळीच्या आधी गाठलेलं बरं.